वाढून घ्या

बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची, म्हणून मी जेवते. दुपारी तीनला खानावळीतलं शेवटचं गिऱ्हाईक उठलं की ओट्यापाशी उभ्यानेच दोन गार पोळ्या आमटीत बुडवून संपवते. सकाळपासून फोडणीच्या वासानेच पोट भरलेलं असतं.

आज भांडी घासता घासता वत्सला म्हणाली, "ताई, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला भात जास्त लागतो, सगळं तुम्हाला पाठ. तुम्हाला स्वतःला काय खावंसं वाटतं?"

मी ओटा पुसायला घेतला. मग एकदम तोंडाला पाणी सुटलं. मऊ भात, मेतकूट, तूप आणि तळलेली मिरची.

ती गेल्यावर मूठभर तांदूळ शिजवले. पाट मांडून बसले, ताट वाढून घेतलं, तेवढ्यात करंबेळकर मास्तर दारात. "उशीर झाला हो आज. काही उरलंय का?"

अठरा वर्षांत मी कुणाला उपाशी परत पाठवलं नव्हतं. सवयीने माझंच ताट द्यायला हात पुढे झालासुद्धा. भाताची वाफ तोंडावर आली.

"दोन गार पोळ्या आहेत, आमटी आहे. वाढून घ्या," मी बसल्या जागेवरूनच म्हणाले आणि भात कालवला.