डावीकडची ओल

धाकट्याने डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट उचलून पिळलं, तर तांब्याभर पाणी निघालं. काचेचं रबर बदलून झालं होतं, दाराच्या आतलं प्लास्टिक चिकटवून झालं होतं. गाडी मात्र आपल्या हट्टावर कायम होती.

"कोरडं झालं का रे?" खिडकीलगतच्या अंथरुणातून आईने विचारलं. विचारताना तिला खोकला आला, तो थांबेचना.

"होईल," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना.

घर या गाडीवर चालत होतं. बाबा तिच्यातून शाळेच्या मुलांची ने-आण करायचे. कारखाना बंद पडल्यापासून धाकटा घरीच होता आणि त्याला अधूनमधून फिट यायची, म्हणून त्याला परवाना नव्हता. आई रोज डावीकडे बसून बाबांसोबत जायची, पाय त्या ओलीत ठेवून. आता ताप छातीत उतरला होता. पाय पुन्हा भिजले तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू घरी बस म्हणून धाकट्याने हजारदा सांगून पाहिलं. ती ऐकेना, आणि बाबाही तिच्याशिवाय गाडी काढायला तयार होईनात. उद्याही गाडी आली नाही तर आम्ही दुसरी बघतो, असं पालकांनी कळवलं होतं.

"म्हातारपणी तुमचं भलतंच जमलंय," तो मागे एकदा त्यांना चिडवत म्हणाला होता.

"जमलंय कसलं. गाडीत बसली की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू," बाबा म्हणाले होते.

ते खरंच होतं. धाकटा एकदा मागे बसून गेला होता, तेव्हा रस्ताभर आईचं चालूच होतं. लाल झालाय हं. डावीकडे सायकलवाला आहे. पुढे कुत्रं आडवं येतंय, हळू. आयुष्य गाडी चालवण्यात गेलेल्या माणसाने हे मुकाट ऐकून घ्यावं, याची त्याला कीव आली होती. दुसऱ्या कुणी तिला वाटेतच उतरवलं असतं.

गळती शोधायची रीत मेकॅनिकने सांगितली होती. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, खालून सुरुवात करून वर जायचं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि पाणी कुठून शिरतं ते बघायचं. आजवर आत आई बसायची. काचेची आणि दाराची गळती तिनेच शोधून दिली होती.

"बाबा, आज तुम्ही बसा आत."

"मी पाइप धरतो. तू बस."

"तुम्हाला वाकवणार नाही. बसा तुम्ही."

"अरे, त्यांना नको बसवू," खिडकीतून आई म्हणाली. "मी येते. शाल गुंडाळते की."

"तू अंथरुणातून उठलीस तर बघ." त्याचा आवाज नको इतका चढला.

बाबा पत्र्यावरून हात फिरवत, गाडीला थोपटत पलीकडे गेले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आई आजारी पडल्यापासून त्यांचं सगळं असंच चाललं होतं. डावा आरसा कुणीतरी उभ्या गाडीला ठोकून फोडला होता, तो अजून दोरीने बांधलेलाच होता. तेवढं सोडलं तर गाडीवर ओरखडा नाही, असं ते अभिमानाने सांगायचे. ते आपल्या नेहमीच्या जागी, स्टिअरिंगमागे बसले आणि टॉर्च घेऊन डावीकडे वाकले.

धाकट्याने दाराच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली. पत्र्यावर पाण्याचा असा आवाज होत होता, की ओरडूनच बोलावं लागत होतं.

"काही येतंय?"

"नाही."

दाराची वरची कड झाली. काचेचा कोपरा झाला. टपाची पन्हळ झाली. प्रत्येक वेळी आतून तेच उत्तर आलं. शेवटी वायपरखालची खाच उरली. तिच्यात पाला अडकला होता. धाकट्याने पाइप तिथेच खुपसून ठेवला.

"आता नीट बघा, बाबा. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च धरा."

"धरलाय. थेंब नाही."

धाकटा मटकन जमिनीवर बसला. पाणी कुठूनच शिरत नव्हतं आणि कार्पेट रोज भिजत होतं. आणखी काय करायचं ते त्याला सुचेना. आईच्या छातीतली घरघर त्याला इथे ऐकू यायला लागली. लाज सोडून तो रडला.

मग एकाएकी त्याच्या डोक्यात आलं. कुठूनच शिरत नाही, म्हणजे गळती बंद झाली असणार. पिळून निघालं ते जुनं, मुरलेलं पाणी. रबराने काम केलं होतं. आपण वेड्यासारखे बुजलेलं भोक शोधत बसलो होतो.

"आई, बंद झालं!" तो उठत ओरडला. "उद्या खुशाल बस. पाय कोरडे राहतील."

आई खिडकीत उभी होती. ती गाडीत वाकलेल्या बाबांकडे बघत होती.

त्याने धावत जाऊन डावं दार उघडलं. डॅशबोर्डखालून बोटाएवढी धार सरळ खाली पडत होती. कार्पेट काढलेल्या पत्र्यावर पाणी साचलं होतं. त्या धारेपासून वीतभर अंतरावर बाबांचा चेहरा होता. डोळे उघडे होते आणि टॉर्च नेमका धारेवर रोखलेला होता.

"बघ, म्हटलं ना," बाबा म्हणाले. "ठणठणीत कोरडं."

धाकट्याने धारेकडे पाहिलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे. तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला. रस्त्यावर असायचा तोच, हळू आणि सावध.

"अहो, टॉर्च बंद आहे. बटण अंगठ्यापाशी आहे, वर सरकवा."