मागची टाळी

लहानग्यांच्या गाण्याच्या वर्गात अकरा मुलं होती आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या अकरा आया. एक मूल खुळखुळा चाखत होतं, दुसरं शेजारच्या बाळाच्या टकलावर ताल धरत होतं. बाईंच्या मते दोघांचीही प्रगती समाधानकारक होती. अडचण होती ती चार वर्षांच्या चिंगीची. प्रत्येक ओळ संपली की सगळ्यांची टाळी पडायची, आणि ती विरली की मागून चिंगीची आणि तिच्या आईची. आई तशी गुणी, काहीही सांगा, हसून मान डोलवायची. हे आईकडूनच आलंय, असं निदान करून बाईंनी चिंगीचं नाव वर्गातून कमी करायचं ठरवलं.

तरी एक शेवटची संधी म्हणून त्यांनी आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि चिंगीला एकटीला समोर घेतलं. कीबोर्डवर तीच ओळ वाजवली. टाळी अचूक पडली. बाईंनी लय वाढवली, मध्येच थांबून फसवून पाहिलं. एकही टाळी चुकली नाही.

"अगं, येतंय की तुला. मग रोज मागे का पडतेस?"

चिंगीने दाराकडे पाहिलं आणि आईला कळू नये म्हणून तोंडापुढे हात आडवा धरला.

"आईला ऐकू येत नाही ना, बाई. ती सगळ्यांचं बघून वाजवते. मी तुमच्याबरोबर वाजवली, तर मागे ती एकटीच राहते."