एरंडोलचा कय्युम

एरंडोलजवळ बस उलटली. काही जखमींना जळगावला आणलं, काहींना धुळ्याला नेलं. एरंडोलच्या खातूनबी मुलाला शोधत जळगावच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा नव्या कॉम्प्युटरपुढे हेमलता बसली होती. तिने इंग्रजी ‘के’पासून कय्युम हे नाव टाकलं. पडदा कोराच राहिला.

“मावशी, इथे नाही तो. धुळ्याला बघा,” ती म्हणाली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिला चैन पडेना. तिने नाव सोडून नुसतं गाव टाकलं, एरंडोल. तर पहिलाच कय्युम! भरती करणाऱ्याने त्याचं नाव ‘क्यू’पासून लिहिलं होतं, आणि कॉम्प्युटर अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय काहीच दाखवत नसे. हेमलताने घाईघाईने धुळ्याला फोन लावून निरोप दिला.

खातूनबी परत पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही हवी म्हणून डॉक्टर सकाळपासून खोळंबले होते. ते हळू आवाजात म्हणाले, “आता पाय काढावा लागेल. सकाळी आला असतात, तर वाचला असता.”

खातूनबींनी अंगठा दिला आणि डोळे पुसत त्या थेट हेमलतापाशी आल्या. ती धडपडत उठली.

“मावशी, सकाळी मीच...”


खातूनबींनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. “बेटी, परक्याच्या पोरासाठी इतकं मन लावून कोण शोधतं?”