हिरव्या दगडाची चव

जिभेवर दगडाचा भूतकाळ चाखवणाऱ्या यंत्राचा पातळ पापुद्रा चिकटवून वत्सलाने बोअरमधून निघालेला हिरवट दगड चाटला आणि डोळे मिटले. दोनशे कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या खडकात शिरलेलं कढत पाणी तिच्या तोंडात उतरलं. काळा खडक हळूहळू हिरवा होत गेला, भेगाभेगांत तांबं साचत गेलं.

"तांबं आहे. खोल आहे, पण भरपूर," ती पुटपुटली.

"अजून किती दगड चाटणार?" तंबूतल्या स्टोव्हवरचा कोरा चहा नवऱ्याने, दिवाकरने, तिच्या हातात दिला. "तोंडाची चव कायमची जाईल, म्हणालेत डॉक्टर."

"काही होत नाही रे. चहा झकास झालाय!" तिने पेला रिकामा केला आणि पुन्हा दगड उचलला.

दिवाकरने आपल्या पेल्यातला घोट घेतला. साखर समजून त्याने दोन्ही पेल्यांत मीठ घातलं होतं.