बिनछिद्रांची चिप

पडद्यावर उमटलेली ती सरळ, सुबक रेषा पाहून सरांच्या मनात पाल चुकचुकली. "सर, नॅनोछिद्रांच्या जाळीत प्रकाश अडकला, लेसर सुरू झाला!" विद्यार्थिनी हरखून म्हणाली. मागच्या विद्यार्थ्यानेही हेच सांगितलं होतं आणि त्याचे खोटे आलेख सरांच्या नावानिशी छापले गेले होते. ती जेवायला जाताच सरांनी तिची ती जाळी कोरलेली नखाएवढी चिप यंत्रातून काढून बिनछिद्रांची बसवली. हिच्यावरही रेषा दिसली, तर ती चिप चेतवायला बाहेरून सोडलेल्या प्रकाशाचीच. म्हणजे सगळी थाप. पडदा कोराच राहिला. सरांनी तिची चिप परत लावली. रेषा लख्ख उमटली. हुश्श करून ते वळले, तर ती दारात उभी. "ही तपासणी मी केली होती, सर. तुम्हाला सांगितलंही होतं." "जरा सरकता?" ती पुढे आली. "परत लावलेली चिप माझीच आहे ना, बघते."