पुन्हा तीन ठोके

"मोठ्यानं बोला!" बाल्कनीतून एक बाई ओरडली.

मी राजाच्या पोशाखात रंगमंचाच्या मधोमध उभा होतो आणि माझं पहिलंच वाक्य तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नव्हतं. लिऑनच्या याच नाट्यगृहात एकेकाळी मी माईकशिवाय छत हादरवायचो. पुढे सिनेमालाही लोक माझा आवाज ऐकायलाच यायचे. घशाच्या ऑपरेशननं तो नेला, एक घोगरी कुजबुज तेवढी ठेवली. तरी आमची दिग्दर्शिका ओदील हटून बसली होती, "राजा तुम्हीच करायचा."

मागून शिट्टी आली. कुणीतरी हसलं. विंगेतून ओदील खुणावत होती, चालू ठेवा, चालू ठेवा. मला सरळ घरी जावंसं वाटलं. मग असा काही राग आला!

आमच्याकडे फ्रान्समध्ये नाटकाआधी पडद्यामागून काठीचे तीन ठोके देतात. ते ऐकले की बोलणारे गप्प होतात, खोकणारे खोकला गिळतात. मघाशी ते देऊन झाले होते. मी हातातली राजाची काठी उचलली आणि फळ्यांवर आपटली. एक. दोन. तीन.

नाट्यगृह चिडीचूप झालं. ओरडायचा नाद सोडून मी तेच वाक्य कानात सांगावं तसं म्हटलं. खुर्च्या करकरल्या. अंधारात माणसं पुढे वाकत होती.

वरून पुन्हा त्याच बाईचा आवाज आला, पण दबका. ती शेजारच्याला दटावत होती, "शू! सुरू झालंय."