दोन चटयांची खोली

"भिंतीला एकही खिळा नको," मित्सुए म्हणाली. "आणि सगळं सुटं व्हायला हवं. ओबोनच्या सणाला पितर येतात, पाहुणेही येतात. त्यांना जागा नको?"

किओताकाने मान डोलावली. जन्मभर स्वयंपाकघरांची कपाटं बनवलेला माणूस तो. सुटं करायचं त्याला काय कौतुक!

तो निवृत्त झाला आणि दिवसभर घरी बसू लागला, तशी मित्सुए दिवसभर बाहेर राहू लागली. तीन तारांचं शामिसेन पाठीला लावून ती स्टेशनजवळ जायची. तिथे गाण्याच्या खोल्या तासावर मिळायच्या. क्योतोच्या त्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. इथे तार छेडली की शेजारच्या ओतानी आजींना ऐकू जायची. दुपारचा चहा किओताका एकटाच प्यायचा आणि ते त्याला अजिबात सोसत नव्हतं. बायको घरात हवी, एवढंच त्याचं म्हणणं. आवाज बाहेर न जाणारी खोली घरातच करून दिली, तर ती जाईल कशाला?

तिने त्याच्या हातात गाठी मारलेली दोरी दिली. "हे खोलीचं माप. दोन चटया."

जमिनीभर तातामी चटया होत्या, खोल्या त्यांवरच मोजायच्या. त्याने दोरी एका चटईवर धरली आणि त्याला हसू आलं. "अगं, ही तुझ्या टोकियोची चटई. आमची क्योतोची मोठी असते. चाळीस वर्षं नांदतेस इथे, अजून माहेरचंच माप?"

"मला तेवढीच पुरते."

"भिंतीशी वीतभर फट राहील. दिसेल कसं ते?"

"राहू द्या म्हटलं ना."

राहू दिली, पण ती फट त्याला शेवटपर्यंत खुपत राहिली.

मग कामाला लागला. दुहेरी फळ्या, मधे जाड नमदा, कडांना रबरी पट्टी, खिळ्यांच्या जागी कड्या. आवाज पाण्यासारखा, वाट दिसली की निघाला. दाराची चौकट तर त्याने कितीदा खोलून पुन्हा बसवली.

ओतानी आजी डोकावल्या. "काय रे, बायकोला कपाटात कोंडतोस की काय?"

"कोंडत नाही हो आजी. घरी आणतोय."

मित्सुए प्रत्येक फळी उचलून बघायची. "जड आहे. मला एकटीला उचलता आली पाहिजे."

"मी आहे ना."

"आणि तुम्ही मेलात तर?"

तो पोट धरून हसला आणि एकेका फळीच्या दोन-दोन केल्या.

कोपऱ्यात खोली उभी राहिली. मित्सुए आत गेली, दार लावून घेतलं. किओताकाने फळीला कान लावला. काही म्हणजे काही ऐकू येईना. नोकरीत असताना तो दमून घरी यायचा आणि एकच शब्द बोलायचा, "बंद." ती शामिसेन मुकाट्याने पिशवीत घालायची. आता तसं म्हणायचीही गरज उरली नव्हती, आणि त्याला फार बरं वाटलं.

ती घामाघूम होऊन बाहेर आली. चेहरा खुलला होता.

"काय गायलीस?"

"तुम्हाला आवडत नाही तेच."

त्यानंतर रोज दुपारी दोघांचा चहा बरोबर होऊ लागला. ती बाहेर जाईनाशी झाली. किओताका आंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात गेला की ती खोली सुटी करून पुन्हा बसवून बघायची, हात बसावा म्हणून. तो आल्यावर कौतुक करायचा.

ओबोनच्या आधी जुने सोबती गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघाले. "जा की," मित्सुए म्हणाली आणि त्याचा पंचा स्वतः घडी घालून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा कोपरा रिकामा होता. एकटीने सुटी केली की! त्याची छाती फुगली. फळ्या नीट रचल्यात का, हे बघायला त्याने दिवसा दोघांच्या गाद्या ठेवायचं भिंतीतलं मोठं कपाट उघडलं. आत त्याची एकट्याची गादी होती.

फोन वाजला.

"पोचलात? भात कुकरमध्ये आहे," मित्सुए म्हणाली. "मी टोकियोत आहे. एक लहानशी खोली घेतलीय."

किओताकाने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं काम मात्र चोख हो," ती मायेने म्हणाली. "एकटीने बसवली. चटयांवर अगदी बरोबर बसली, केसभरही फट राहिली नाही."